संमतीचं पान

बटणं नव्हतीच. ‘मी वरील मजकूर वाचला आहे’ इथवर पान नीट आलं होतं. त्याखाली पांढरी जागा, की संपलं. एका ग्राहकाच्या तक्रारीवरून तिनं ते मुद्दाम जुन्या ब्राउझरमध्ये उघडलं होतं.

“माझ्याकडे तर चालतंय,” पलीकडच्या टेबलावरून टेस्टर म्हणाला.

“मग काय, सगळ्यांना तुझ्या खुर्चीत आणून बसवू?” ती म्हणाली.

घर विकताना सगळ्या मालकांची संमती घेणारी ही साइट. तिच्याच कंपनीनं बांधलेली आणि तपासलेलीही, पण ज्यानं त्यानं आपापल्या नव्याकोऱ्या मशीनवर. जुन्या ब्राउझरला नवी मांडणी कळत नव्हती. न कळलेली ओळ तो निमूट गाळायचा आणि बटणांच्या चौकटीची उंची शून्य धरायचा. चूक दाखवायचा नाही, तक्रार करायचा नाही.

मग तिचं लक्ष ब्राउझरच्या आवृत्तीकडे गेलं.

आईकडचा कॉम्प्युटर. तिनंच वापरून आईला दिलेला. त्यात याच्या पुढचा ब्राउझर चढतच नाही.

आठ महिन्यांपूर्वीची एकच गोष्ट, दोन खिडक्यांत.

दादाच्या खिडकीत: आई राहते ते घर तिघांच्या नावावर. गिऱ्हाईक चांगलं. आई आपल्याकडे येऊन राहील, प्रश्न मिटला. दोघा भावंडांनी याच साइटवर संमती दिली. आईनं पान उघडलं आणि मुदत संपेपर्यंत काही दाबलं नाही. व्यवहार बारगळला. “मुद्दाम केलंय तिनं. तोंडावर सांगायला काय झालं होतं?” त्यानंतर तो आईच्या दारात फिरकला नाही.

आईच्या खिडकीत: “मला त्यात दाबायला काही दिसलंच नाही, बाई.”

एवढंच. कुणी विश्वास ठेवला नाही. लेकीनंही नाही. घाबरली असेल, लपवत असेल, असं ती धरून चालली होती.

जुन्या पद्धतीच्या चार ओळी लागल्या, बस. न कळणाऱ्या ओळींच्या आधी त्या लिहिल्या, पान पुन्हा उघडलं. ‘सहमत’, ‘असहमत’. दोन्ही बटणं आपापल्या जागी, मध्ये बोटभर अंतर. तिनं आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो दादाला पाठवले. मिनिटभरात फोन आला.

“म्हणजे ती खरं बोलत होती.”

“हो.”

“आणि मी आठ महिने...”

रविवारी दोघं आईकडे गेले. दादानं चप्पल काढल्या काढल्या सांगून टाकलं, “आई, चुकलो मी. मशीनचा घोळ होता, राग तुझ्यावर काढला.”

“किती वाळलास रे,” आई म्हणाली. त्याला शेजारी बसवून पाठीवरून हात फिरवत राहिली. तो लहान मुलासारखा बसून राहिला. इतक्या वर्षांत लेकीच्या कोडनं कुणाचं एवढं भलं केलं नव्हतं.

गिऱ्हाईक अजून थांबलेलं होतं. दादानं नवा अर्ज आदल्या दिवशीच भरला होता. आईच्या कॉम्प्युटरवर पान हळूहळू उतरलं. आधी मजकूर आला, मग खाली दोन्ही बटणं.

“बघ, आता दिसतात की नाही?” लेक म्हणाली.

“दिसतात.”

“मग होऊन जाऊ दे,” दादा म्हणाला.

आईनं दादाच्या पाठीवरचा हात काढून माउसवर ठेवला.

“दिसत नव्हती तेच बरं होतं,” ती म्हणाली, आणि ‘असहमत’ दाबलं.