अडकित्ता
साउंडवाल्याची जीभ बोलताना अडखळायची, म्हणून साहेबांनी त्याचं नाव पाडलं होतं 'अडकित्ता'. त्याचं वाक्य ते कधी त्याला पुरं करू देत नसत. स्वतःच पुरं करून हशा वसूल करत.

वार्षिक सभेआधी पडद्यामागे त्याने साहेबांच्या कॉलरला माइक लावला. "साहेब, हा चा... चा..."

"चहा ना? जा, ढोस जा!" म्हणत साहेब हसत सेक्रेटरीकडे वळले. "तो म्हातारा मालक एकदाचा खपला, की इथं माझंच राज्य!"

वाक्य सभागृहभर घुमलं. पहिल्या रांगेतले मालक काठी टेकत उठून उभे राहिले.

"हा चालू आहे, साहेब," अडकित्ता एका दमात म्हणाला.

'च'वर त्याची जीभ जन्मात कधी अडखळली नव्हती.