उशिरा आलेलं पत्र

ख्रिस्ती मंडळीचे प्रमुख मेनेमाख बसल्या जागेवरून गुरूंचं पत्र वाचून दाखवत होते आणि ब्रोगितारला दरदरून घाम फुटला होता.

गेल्या महिन्यात जेरुसलेमहून आलेले पाहुणे बजावून गेले होते, "तुम्ही यहुदी नाही. सुंता केल्याशिवाय तुमचं तारण नाही." त्या धास्तीनं त्यानं परवाच गुपचूप सुंता करून घेतली होती. बायकोला, तातियाला, सांगितलं, खेचरावरून पडलो. आणि आता गुरूंनी लिहिलं होतं, की तारणासाठी जो सुंता करून घेईल, त्यानं ख्रिस्ताचा हात सोडला असं समजा.

"अहो, पांढरेफटक पडलात," तातिया कुजबुजली. "फार दुखतंय का?"

"गप्प बस."

कापलेलं काही पुन्हा जोडता येत नाही, एवढंच त्याच्या डोक्यात घुमत होतं.

मेनेमाखांनी पत्राची गुंडाळी केली. "आपल्यापैकी कुणी करून घेतली असेल, तर आत्ताच सांगा."

ब्रोगितारनं नजर जमिनीवर खिळवली.

"बरं. मग प्रार्थनेला उठा."

बायका चटकन उठल्या. पुरुष मात्र एकेक करून, भिंतीला धरून उठले. आणि सगळ्यात शेवटी, ओठ दातांखाली दाबून, मेनेमाख.