मेलेल्या जंतूचं कवच

अळी चिमटीत वळवळली आणि सुई काजलच्या अंगठ्यात गेली. दचकून तिच्याकडून सिरिंजचा दट्ट्याही दाबला गेला. हातमोजा ओढून काढत तिने अंगठा पिळला. रक्ताचा एक थेंब आला.

"सर, टोचलं."

धर्मेंद्र सर पलीकडच्या टेबलावरून उठून आले. वर्ध्याच्या त्या कॉलेजात काजल आणि सपना त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करत होत्या. सरांनी अंगठा पाहिला नाही. सिरिंज उजेडात धरली.

"बरंच गेलं की. परदेशातून मागवलंय ते. सांडायला नाही."

सिरिंजमध्ये जिवंत जंतू नव्हते. मेलेल्या जंतूंच्या अंगावरचं कवच होतं, शुद्ध करून पाण्यात विरघळवलेलं. सकाळपासून काजल तेच रेशीमअळ्यांना टोचत होती. टोचलेल्या अळ्या ट्रेमध्ये तुतीची पानं कुरतडत होत्या. त्यांना काहीच झालं नव्हतं.

"मलेही काही होणार नाई ना, सर?"

सरांनी सिरिंजवरून नजर तिच्याकडे वळवली. मग त्यांनी स्वतः खुर्ची ओढली. "राहू दे काम. बस इथे."

इतक्या वर्षांत सर पहिल्यांदाच तिला बस म्हणाले होते. काजलला बरं वाटलं.

तासाभरात तिचं डोकं ठणकायला लागलं. मग थंडी भरली. बाहेर ऊन रणरणत होतं आणि ती सपनाची ओढणी अंगाभोवती गुंडाळून कुडकुडत होती. सरांनी तिच्या जिभेखाली थर्मामीटर ठेवलं, काढलं, आकडा मोबाइलमध्ये टिपला.

"सर, मले घरी जाऊ द्या."

"जाशील. अळीला जंतू आल्याचं कसं कळतं, सांग बरं. व्हायव्हात हेच विचारतील."

काजलचे दात वाजत होते. "अळीच्या पेशीवरचा रिसेप्टर स्वतः जंतूले ओळखत नाई, सर. रक्तातलं दुसरं प्रथिन ओळखते. मग एक प्रथिन दुसऱ्याले कापत जाते. शेवटी जो तुकडा होते, तो येऊन रिसेप्टरले चिकटते. तवा तो जागा होते."

"आणि हे नुसतं कवच दिलं तर?"

"त्याची अळी फारशी दखल घेत नाई."

"आणि माणूस?"

काजलने आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. पलीकडे सपनाने मान वर केली.

"बोल ना."

"माणसाचा रिसेप्टर कवचालेच धरते," काजल म्हणाली. "कणभर असलं तरी. साऱ्या अंगात बोंब उठवते." मग ती हळूच म्हणाली, "सर, तुमाले माहीत होतं."

"तुलाही माहीत होतं," सर म्हणाले. "बरोबर आहे उत्तर."

काजल बेसिनपर्यंत पोचली नाही. वाटेतच ओकली. सपनाने तिला धरून परत बसवलं तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते आणि नाडी बोटाला नीट लागत नव्हती.

"सर, हिले दवाखान्यात नेऊ."

"नेऊ ना. आधी रक्त घे. तू डीएमएलटी केलंयस, रक्त काढायला शिकलीयस."

"सर, हिची हालत..."

"सपना, अळीचं रक्त आपल्याकडे हवं तेवढं आहे. त्याच कवचाने तापलेल्या माणसाचं रक्त कुठे मिळतं? परवानगी मागायला गेलो तर जन्म जाईल." त्यांनी रिकाम्या नळ्या टेबलावर मांडल्या. "तुझंही सबमिशन यंदाच आहे ना?"

सपनाने रबरी पट्टा काढून काजलच्या दंडाला बांधला. शीर सापडेना. तिने टोचलं, सुई आतल्या आत फिरवली, काढली, पुन्हा टोचलं. काजल कण्हत होती.

"दुसरा हात बघ," सर म्हणाले.

दुसरा हात काजलने स्वतःच पुढे केला. लवकर संपावं म्हणून.

नळ्या भरल्यावर सरांनी त्या बर्फ घातलेल्या थर्मासमध्ये ठेवल्या, झाकण घट्ट लावलं आणि मग गाडी काढली.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "काय झालं?"

"किडा चावला," सर म्हणाले. "लॅबमधला."

"किडाच ना?" डॉक्टरांनी काजलला विचारलं. "नक्की सांगा, औषध त्यावर ठरतं."

सर पलंगाच्या पायथ्याशी उभे होते. याच महिन्यात काजलचा थिसिस जायचा होता, आणि त्यावर सही त्यांची लागणार होती. सपना खिडकीबाहेर बघत होती.

"हो," काजल म्हणाली. "किडाच."

डॉक्टरांनी ॲलर्जीचं इंजेक्शन सांगितलं. दोन्ही हातांना सलाईन लागलं. ती मरणार नाही एवढं थोड्या वेळाने दिसू लागलं. पण थंडीने अजून पलंग हलत होता.

सपनाने फोन केला होता. काजलची आई, छायाबाई, देवळीहून मिळेल त्या बसने आली. लेकीच्या कपाळावरून हात फिरवून ती थेट सरांच्या पायांवर वाकली.

"तुमी होते म्हून वाचली माही पोरगी. आजकाल कोण करते कोणासाठी!"

सर मागे सरकले. गाडीत उकडतं म्हणून थर्मास त्यांनी बरोबर आणला होता. आता त्यांनी तो या हातातून त्या हातात घेतला.

"असू द्या, असू द्या. निघतो मी. उशीर होतोय."

ते गेले. त्यांच्यामागे सपनाही गेली, काजलकडे न पाहता. काजलने डोळे मिटले. आईने पदराने तिचं तोंड पुसलं आणि दाराकडे बघत म्हणाली,

"तुयासाठी चहा आणलता त्यायनं. गडबडीत द्याचा राहून गेला, बिचाऱ्याचा."