आल्बर्टच्या ट्रॅकमधल्या चुका

"ही बघ, इथे झावळ्या आल्या की गाडी अडखळते," केल्विन म्हणाला आणि वहीत सहावी चूक लिहिली.

टीव्हीवर गिरीज गावचा रस्ता धावत होता. तीच वळणं, तीच केळीची वाडी, तोच चिंचोळा पूल. खेळणाऱ्या लोकांनी घरी बनवलेले ट्रॅक त्या रेसिंग गेममध्ये घालता येत, त्यांना मॉड म्हणत. हा मॉड कॉम्प्युटरवर गाजला होता, आता कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमच्या डब्यावर यायचा होता; त्याआधी कुणीही चालवून बघावा आणि चुका कंपनीला कळवाव्यात, अशी आठवडाभराची चाचणी होती. आणि टीव्हीच्या कोपऱ्यात बनवणाऱ्याचं नाव झळकत होतं: आल्बर्ट, गिरीज.

आल्बर्ट म्हणजे केल्विनच्या बायकोच्या, लिलीच्या माहेरचा शेजारी.

केल्विनच्या पोटात असं दुखायला लागलं, की अख्ख्या वसईतला ओवा खाल्ला असता तरी ते राहिलं नसतं. गोखिवऱ्याच्या कारखान्यात दिवसभर मशीनपुढे उभा राहून यायचा, आणि पायातले बूट काढायच्या आधी कन्सोल लावायचा. एक चूक शोधायला तीच फेरी तीनशे वेळा. टीव्हीतून टायर जळल्याचा वास यायचा, असं शेजारची प्रिसिला आजही शपथेवर सांगते.

"केळी विकता विकता हा हे कधी शिकला गो?"

"शिकतो माणूस." लिली जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसलेली. लग्नपत्रिका बनवायची ती. "पण काय देखणा केलाय ना? चर्चपुढचा क्रूससुद्धा सोडला नाही."

"कॉम्प्युटरवर देखणा. कन्सोल म्हणजे वन रूम किचन आहे, त्यात वाट्टेल तेवढी माडाची झाडं मावत नाहीत. आणि त्या आल्बर्टकडे कन्सोल आहे कुठे? नुसत्या अंदाजाने बनवतोय."

"मग कळव ना कंपनीला."

"आत्ता? म्हणजे दुरुस्त करायला मोकळा! शनिवारी सहाला मुदत संपते. पावणेसहाला सगळ्या चुका एकदम पाठवतो. मुदत संपताना एक जरी राहिली, तरी मॉड कायमचा बाद."

"काय रे दुष्ट! आणखी काय काय सापडलं?"

मग तो छाती फुगवून वाचायचा. पुलावर चाक रस्त्यात रुततं. उलटलेली गाडी परत उभी राहते, ती मागे तोंड करून. लिली "बिचारा आल्बर्ट" म्हणत खोदून खोदून विचारायची. कुठल्या वळणावर? किती वेगात? तिचा तो कळवळा बघितला की केल्विन आणखी दहा फेऱ्या मारायचा.

आठवडाभर त्याने सुरुवातीला एकदाच डाउनलोड केलेला ट्रॅक चालवला होता. शनिवारी दुपारी, पाठवण्याआधी खात्री करावी म्हणून, तो पुन्हा नव्याने डाउनलोड केला.

झावळ्यांखालून गाडी लोण्यासारखी गेली. पुलावर चाक रुतलं नाही. उलटलेली गाडी सरळ तोंडाने उभी राहिली. एकोणीसच्या एकोणीस चुका गायब!

वही वाचून दाखवली होती कुणाला? एका लिलीला.

केल्विनने बाईक अशी पिटाळली, की गिरीजपर्यंत एकाही कुत्र्याला भुंकायला वेळ मिळाला नाही. आल्बर्ट वाडीत केळीचा लोंगर उतरवत होता.

"माझी बायको तुला रोज फोन करते?" केल्विन लांबूनच ओरडला. "खरं बोल!"

"मला?" आल्बर्टने लोंगर खाली ठेवला. "एकदाच केला होता रे, महिन्यापूर्वी."

"मग माझ्या वहीतलं तुला कुणी सांगितलं? सगळ्या चुका दुरुस्त कशा झाल्या?"

आल्बर्ट हसायला लागला. हसता हसता बांधावरच बसला.

"अरे बाबा, मला कॉम्प्युटर चालूसुद्धा करता येत नाही. लिलीने माझं नाव तेवढं मागून घेतलं. म्हणाली, 'ट्रॅकवर माझं नाव लावलं तर केल्विन एक फेरी मारेल, छान आहे म्हणेल आणि चहा मागेल. तुझं लावलं, तर एक चूक शिल्लक ठेवणार नाही.'"