पन्नास टोप्यांची खेप

"चारशे बारा," स्टुलावर चढलेली शिकाऊ मुलगी म्हणाली. "दोनदा मोजल्या, ताई."

स्टोअर सांभाळणाऱ्या ताईंनी नुसती मान डोलावली. आकडा त्यांना ठाऊक होता. प्रसूतिगृहाच्या त्या अरुंद खोलीत हातमोज्यांची खोकी, कापसाचे गठ्ठे, चादरी, सगळं आपापल्या जागी शहाण्यासारखं बसलं होतं. नवजात बाळांच्या लोकरी टोप्यांनी मात्र तीन फळ्या बळकावून चौथीवर पाय पसरले होते.

मुलगी खाली उतरली. ती अकाउंट्सच्या दुसऱ्या वर्षाला होती. कुठल्याही एका वस्तूचा साठा तपासून प्रकल्प लिहायचा होता. तिने टोप्या निवडल्या, कारण त्या गोड दिसतात.

"हे बघा. रोज दोन बाळं, म्हणजे रोज दोन टोप्या. पन्नासची खेप सांगितली की हातात यायला वीस दिवस. वीस दुणे चाळीस. ऐन वेळी खोळंबा नको म्हणून वर आणखी वीस. झाल्या साठ. फळीवर साठ उरल्या की नवी खेप सांगायची, त्याआधी नाही." तिने पेन्सिल कानामागे खोचली. "आणि तुम्ही चारशे असताना सांगता! ज्यांच्या आयांनी अजून घरात कुणाला सांगितलंसुद्धा नसेल, त्या बाळांच्याही टोप्या तयार आहेत आपल्याकडे!"

ताईंना हसू फुटलं. मग ते ओसरलं.

"विणतं कोण, माहितीय? माझ्या सासूबाई."

सासरे गेले त्याला दोन वर्षं झाली होती. तेव्हा सासूबाई दिवसदिवस भिंतीकडे बघत बसायच्या. समोरचं ताट तसंच निवून जायचं. त्याच सुमाराला स्टोअरमध्ये टोप्यांची खरोखर टंचाई होती. ताई लोकर घरी घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "आई, एवढ्या पन्नास विणून द्याल का? माझी फार अडचण झालीय." सासूबाईंनी उठून सुया शोधल्या. त्या दिवशी त्या दोन घास जास्त जेवल्या.

तेव्हापासून एक खेप पुरी झाली, की ताई दुसरी सांगत आल्या होत्या. दर वेळी चेहरा पाडून. दर वेळी तेच वाक्य, "आई, साठा संपत आलाय हो." साठ्याच्या कार्डावरचा आकडा फुगत गेला, तिकडे त्यांनी बघितलंच नाही. किती टोप्या उरल्यात, हे त्यांच्या हिशेबात कधी धरलेलंच नव्हतं. सासूबाईंच्या हातात लोकर आहे ना, एवढंच त्या बघायच्या.

सगळं ऐकून मुलीने कानामागची पेन्सिल काढली. मग म्हणाली, "मी वस्तू बदलते ना, ताई. कापसाचे गठ्ठे घेते. त्यांचा साठा इतका चोख आहे, की वाचता वाचता आमच्या सरांना झोप लागेल."

ताई हो म्हणणारच होत्या. पण त्यांचा हात फळीच्या मागच्या बाजूला गेला होता. तिथे सगळ्यात जुन्या टोप्या होत्या. नवी खेप आली की पुढे रचली जायची आणि पुढूनच संपायची, मागच्यांचा नंबर कधी लागायचाच नाही. त्यातली एक पिवळी टोपी त्यांनी ओढून काढली. तिला कसर लागली होती. टाळूवर बोट जाईल एवढं भोक. ताईंनी ती खिडकीच्या उजेडात धरली. कुणाची तरी एक अख्खी सकाळ बाळाच्या डोक्यावर चढण्याऐवजी किड्यांच्या पोटात गेली होती.

"टोप्याच लिही," त्या म्हणाल्या. "आणि साठच लिही. जुन्या सगळ्या पुढे घे. कसर लागलेल्या वेगळ्या काढ आणि तोटा म्हणून दाखव."

"आणि घरी काय सांगाल?"

"घरचं मी बघते."

बघते म्हणाल्या खऱ्या, पण वाटभर त्यांना वाक्य जुळेना. टोप्यांऐवजी मोजे सांगावेत? म्हणजे पुन्हा एक खोटं, आणि पुन्हा चार फळ्या.

सासूबाई खिडकीशी बसून विणत होत्या. ताई खांद्यावरची पर्स न काढताच त्यांच्या पायाशी टेकल्या.

"आई, ऐका ना. ही खेप झाली की टोप्या नकोत. भरपूर आहेत. म्हणजे खूपच आहेत. सहा महिने तरी लागणार नाहीत."

सुया थांबल्या. सासूबाईंनी चष्म्यावरून बघितलं, मग मांडीवरच्या लोकरीकडे बघितलं. हेच डोळे आता पुन्हा भिंतीला लागणार, आणि ते आपण आपल्या तोंडाने केलं, एवढंच ताईंच्या मनात येत राहिलं.

"नक्की?" सासूबाईंनी विचारलं.

"नक्की, आई."

"परवा परत एवढंसं तोंड करून येणार नाहीस?"

"नाही."

सासूबाईंनी अर्धी टोपी सुयांसकट पिशवीत कोंबली आणि दोन्ही हातांची बोटं कडाकडा मोडली.

"सुटले गं बाई एकदाची! बागेतल्या बायका गाण्याच्या वर्गाला चल म्हणून वर्षभर मागे लागल्यात. पण इकडे तुझा साठा सदान्कदा संपलेला. तुला तशी टाकून जाऊ कशी?" त्यांनी सुनेच्या गालावर हलकी चापट मारली. "मी पहिल्या दोन खेपांतच सावरले होते, वेडे. पुढच्या सगळ्या तुझ्यासाठी विणल्या."