पयलो चीक

माझ्या तान्ह्या बाळाच्या सर्दीचा न्यूमोनिया झाला. कुडाळच्या डॉक्टरांनी त्याला ऑक्सिजन लावला आणि मलाच झापलं, "पहिलं पिवळं दूध पाजलं नाहीत? रोगाशी लढायची पहिली ताकद त्यातूनच मिळते!" ते दूध बाळाला जड जातं म्हणून सासूबाईंनी मला फडक्यात पिळून टाकायला लावलं होतं.

नवऱ्याला बाळापाशी बसवून मी कपडे न्यायला घरी आले, तर गाय नुकतीच व्याली होती. शेजारच्या काशीबाई खरवसासाठी तांब्या घेऊन गोठ्याच्या दारात उभ्या होत्या. सासूबाई आतून त्यांच्यावर कडाडल्या, "पयलो चीक वासराचो! तो पोटात गेलो नाय, तर वासराक ताकद खंयसून येतली? उरलो तर तुका दितंय."

माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"म्हणजे ह्या तुमका म्हायत होता?" मी ओरडले. "मगे आई, माझ्या बाळाक निदान वासरू तरी समजूक होया होता!"