हळदीकुंकवाला आलेल्या मॅडम

काचीगुड्याच्या घरात संक्रांतीचं हळदीकुंकू ऐन रंगात आलं होतं. शेजारच्या काकूंसोबत नवी पाहुणी आत शिरली आणि प्रणिता गुलाबदाणी घेऊन दाराआड सरकली. युनिव्हर्सिटीतल्या समुपदेशक मॅडम! चार मंगळवार त्यांच्यापुढे बसून तिने सांगितलं होतं, घरी हसून दाखवताना जीव नकोसा होतो. आईला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ‘इथलं बोलणं इथंच राहतं,’ मॅडम म्हणाल्या होत्या. पण काचीगुड्यातल्या मोजक्या मराठी घरांत एकीचं दुसरीला चहा निवायच्या आत कळतं. मॅडम आईच्या कानाशी काहीतरी बोलल्या. आईने वळून प्रणिताकडे पाहिलं. संपलं सगळं. “इकडे ये गं,” आईने हाक मारली. मग मॅडमना म्हणाली, “ही तुमच्याच युनिव्हर्सिटीत शिकते. भारी हसरी पोर. कधीतरी भेटली असेल!” मॅडमनी अनोळखी नजरेने प्रणिताकडे बघितलं. “नाही हो, आजच बघतेय. नाव काय गं तुझं?”